ॲमेझॉन कनेक्टच्या एजंट वर्कस्पेसमध्ये बाहेरचं ॲप बसवताना

सिडनीत सकाळचे ९ वाजतात तेव्हा पुण्यात पहाटेचे साडेचार झालेले असतात. तिकडे घड्याळं उन्हाळ्यासाठी पुढे केलेली असली तर इकडे साडेतीनच. खराडीतल्या कॉल सेंटरच्या ज्या फ्लोअरवर मी हे काम केलं, तिथली पहिली शिफ्ट या वेळेला हेडसेट लावून बसलेली असते. फोनवरचा ऑस्ट्रेलियातला ग्राहक विचारतो, "माझा फ्रिज आज येणार का?" उत्तर द्यायला एजंट कॉलच्या खिडकीतून नंबर कॉपी करते, ऑर्डरच्या टॅबमध्ये जाते, नंबरातला ६१ हा देशाचा कोड काढून जागी शून्य घालते, शोधते, मग ऑर्डर क्रमांक उचलून कुरिअरच्या टॅबमध्ये टाकते. तोवर ग्राहक होल्डवर असतो.

हे सगळं एकाच खिडकीत आणायचं म्हणजे ऑर्डरचं वेब ॲप ॲमेझॉन कनेक्टच्या (ॲमेझॉनची क्लाउडवरची कॉल सेंटर सेवा) एजंट वर्कस्पेसमध्ये, म्हणजे एजंट जिथे कॉल आणि चॅट घेते त्या पडद्यात बसवायचं. जोडणी दिसते सोपी, कारण कन्सोलमध्ये एक फॉर्म भरला की ॲप "जोडलं" जातं. खरं काम त्या फॉर्मच्या आधी आणि नंतर आहे. त्यातलं सगळ्यात जोखमीचं काम एकच: समोरच्या पडद्यावर आत्ता बोलत असलेल्या माणसाचीच माहिती आहे, दुसऱ्या कुणाची नाही, याची खात्री. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी त्याच नजरेने लिहिल्या आहेत.

आधी एजंटच्या शेजारी बसा

कोडला हात लावण्याआधी दोन शिफ्ट एजंटच्या शेजारी खुर्ची टाकून बसा. तिने टॅब कधी बदलला, काय कॉपी केलं, कुठे टाकलं, हे कागदावर लिहा. टीएलला (टीम लीडर) विचारून हे कळत नाही. त्याच्यापुढे एएचटीचे, म्हणजे एका कॉलला सरासरी किती वेळ लागला याचे आकडे असतात, त्या आकड्यांमागचे हात दिसत नाहीत. आम्हाला वाटत होतं की एजंटला ग्राहकाचा अख्खा इतिहास हवा असेल. कागदावर जे आलं ते इतकंच होतं: चालू ऑर्डर, डिलिव्हरीची तारीख, आणि आधीच्या कॉलमध्ये कुणी काय कबूल केलं. आमच्या पहिल्या आवृत्तीत या तीनच गोष्टी होत्या.

मग मार्ग ठरवा. एजंट दिवसभर सेल्सफोर्ससारख्या सीआरएममध्येच (ग्राहकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) राहत असेल, तर उलटं करावं, म्हणजे कनेक्टचं कॉल पॅनेल त्या सीआरएममध्ये बसवावं. गरज फक्त ठरावीक प्रश्न विचारून ठरावीक नोंद करण्याची असेल, तर कनेक्टच्या फ्लोमधूनच (कॉल कुठल्या पायऱ्यांनी पुढे जाईल याची आखणी) पायरीपायरीचे मार्गदर्शक पडदे दाखवता येतात आणि वेगळ्या ॲपची गरज पडत नाही. तुमचं स्वतःचं वेब ॲप आहे, त्याचा कोड तुमच्या हातात आहे आणि एजंट कनेक्टच्या वर्कस्पेसमध्ये काम करतात, अशा वेळी हा लेख उपयोगी पडेल.

ॲपला चौकटीत बसू द्या

वर्कस्पेस तुमचं ॲप आयफ्रेममध्ये, म्हणजे आपल्या पानातल्या एका चौकटीत उघडतं. बहुतेक नीट बांधलेली ॲप्स मात्र दुसऱ्या कुणाच्या चौकटीत उघडायला नकार देतात, आणि तो नकार योग्यच असतो, कारण त्यामुळे क्लिक चोरण्याचे हल्ले टळतात. म्हणून नकार पूर्ण काढून टाकू नका. फक्त एका पत्त्यासाठी दार उघडा.

सर्व्हरच्या उत्तरात "कंटेंट-सिक्युरिटी-पॉलिसी" हा हेडर (पानासोबत ब्राउझरला जाणारी सूचना) असतो. त्यातल्या "फ्रेम-अँसेस्टर्स" या नियमात तुमच्या कनेक्ट इन्स्टन्सचा (तुमच्या कंपनीचं स्वतंत्र कनेक्ट) पूर्ण पत्ता लिहा. नव्या इन्स्टन्सचा पत्ता "माय डॉट कनेक्ट डॉट एडब्ल्यूएस" ने संपतो, जुन्यांचा "एडब्ल्यूएसॲप्स डॉट कॉम" वर असतो. तारांकन वापरून सगळ्याच इन्स्टन्सना परवानगी देता येते, पण देऊ नका. तसं केलं तर जगातल्या कुणाचंही कनेक्ट तुमचं ॲप उघडू शकेल. "एक्स-फ्रेम-ऑप्शन्स" हा जुना हेडरही जात असेल तर तो या पानांवरून काढा. त्यातला ठरावीक पत्त्याला परवानगी देणारा पर्याय आजचे ब्राउझर मानत नाहीत.

हेडर ॲपच्या कोडमध्ये बदलला आणि तरी चौकट रिकामीच, असं झालं तर मधल्या पायऱ्या तपासा. ॲप आणि ब्राउझरच्या मधे बसणारे सर्व्हर, म्हणजे रिव्हर्स प्रॉक्सी किंवा सीडीएन, पुष्कळदा आपला हेडर वरून चिकटवतात. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कच्या यादीत शेवटी प्रत्यक्ष काय आलं ते बघावं, तेच खरं.

लॉगिन: इथे सर्वात जास्त दिवस जातात

तुमच्या ॲपची कुकी (लॉगिन लक्षात ठेवणारी ब्राउझरमधली नोंद) आता तिऱ्हाईताच्या, म्हणजे कनेक्टच्या पानात चालणार आहे. त्यामुळे तिच्यावर "सेमसाइट नन" आणि "सिक्युअर" या दोन्ही खुणा हव्यात, नाहीतर क्रोम ती पाठवतच नाही. फायरफॉक्स २०२२ पासून तिऱ्हाईत कुकी मूळ साइटनुसार वेगळ्या डब्यात ठेवतो. म्हणजे एजंटने तुमच्या ॲपमध्ये दुसऱ्या टॅबमध्ये आधीच लॉगिन केलेलं असलं, तरी वर्कस्पेसमधल्या चौकटीला त्याचा पत्ता लागत नाही. सफारीने तर २०२० मध्येच अशा कुकी सरसकट बंद केल्या.

दुसरी अडचण सिंगल साइन-ऑनची, म्हणजे सगळ्या ॲप्ससाठी कंपनीच्या एकाच लॉगिनची. ॲप चौकटीत उघडलं, वापरकर्ता ओळखीचा नाही म्हणून त्याला कंपनीच्या लॉगिन पानाकडे पाठवलं, आणि ते पान चौकटीत उघडायला नकार देतं. एजंटला राखाडी रंगाचा रिकामा चौकोन दिसतो. लॉगिन पानाचा नकार हटवायला सांगू नका. आयटी सुरक्षेची मंडळी नाही म्हणतील आणि ते बरोबरच असेल.

आमच्याकडे जे चाललं ते असं. चौकटीत फक्त "लॉगिन करा" हे बटण दाखवायचं. बटण दाबलं की वेगळी छोटी खिडकी उघडते आणि लॉगिन तिथे पूर्ण होतं. मग ती खिडकी एकदाच वापरता येणारा कोड "पोस्टमेसेज" ने (खिडक्यांमध्ये संदेश पाठवण्याची ब्राउझरची सोय) चौकटीकडे पाठवते आणि बंद होते. चौकट तो कोड तुमच्या सर्व्हरला देऊन स्वतःचं सेशन मिळवते. संदेश कुठल्या पत्त्यावरून आला हे दोन्ही बाजूंनी तपासा. पाठवतानाही नेमका पत्ता द्या, तारांकन नको. खिडकी थेट बटणाच्या क्लिकवरच उघडली पाहिजे. आपोआप उघडायला गेलात तर पॉपअप ब्लॉकर ती अडवतो.

शिफ्टमध्ये एकदाच हे करावं लागेल अशी सेशनची मुदत ठेवा. ऐन कॉलमध्ये सेशन संपलं तर एजंटची काय अवस्था होते ते शेजारी बसल्यावरच कळतं.

नोंदणी, आणि दोन वेगवेगळी कन्सोल

नव्याने काम करणारे इथे हमखास गोंधळतात, म्हणून थोडं सावकाश सांगतो. कनेक्टची दोन प्रशासकीय दारं आहेत. एक एडब्ल्यूएसचं (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) कन्सोल, जिथे इन्स्टन्सची यादी दिसते. दुसरं त्या इन्स्टन्सची स्वतःची ॲडमिन साइट, जिथे रांगा, फ्लो आणि वापरकर्ते असतात. ॲपची नोंदणी पहिल्या दारातून होते, एजंटला परवानगी दुसऱ्या दारातून मिळते. मोठ्या सेंटरमध्ये ही दोन दारं दोन वेगळ्या टीमकडे असतात. दोघांनाही पहिल्याच दिवशी एका कॉलवर घ्या, आठवडा वाचतो.

पहिल्या दारात योग्य रीजन (तुमचं इन्स्टन्स ज्या भौगोलिक विभागात आहे तो) निवडून कनेक्टमध्ये जा, डाव्या यादीतून थर्ड-पार्टी ॲप्लिकेशन्स उघडा आणि नवं ॲप जोडा. नाव एजंटला समजेल असं द्या. "ओएमएस-प्रॉड-२" असं नाव वर्कस्पेसमध्ये तिच्या डोळ्यांसमोर राहणार आहे. ॲक्सेस यूआरएल एचटीटीपीएसचाच हवा. अपवाद फक्त लोकलहोस्टचा, म्हणजे स्वतःच्याच मशीनच्या पत्त्याचा, त्यामुळे डेव्हलपरला स्वतःच्या लॅपटॉपवरचं ॲप चाचणी इन्स्टन्समध्ये उघडून बघता येतं. ॲप पहिल्या पत्त्यावरून दुसऱ्या डोमेनवर जात असेल, तर ते डोमेन मान्य पत्त्यांच्या यादीत घाला.

पुढे परवानग्या येतात. एजंटची माहिती, एजंटची स्थिती, कॉलचे तपशील, कॉलचे ॲट्रिब्यूट (कॉलला चिकटवलेली छोटी माहिती), अशा त्या सुट्या सुट्या दिलेल्या असतात. सगळ्यांवर खूण करून मोकळं होण्याचा मोह टाळा. आमच्या ॲपला कॉलचे तपशील आणि ॲट्रिब्यूट वाचणं पुरलं. एखादी परवानगी कमी पडली तर ॲपच्या त्या विनंतीला नकार येतो आणि ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ते लगेच दिसतं. जास्तीची दिलेली परवानगी मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

शेवटी ॲप इन्स्टन्सशी जोडा. ही खूण राहिली तर नोंदणी यशस्वी दिसते आणि ॲप कुठेच सापडत नाही. तुमचं इन्स्टन्स ऑक्टोबर २०१८ पूर्वीचं असेल तर त्याला सर्व्हिस-लिंक्ड रोल (कनेक्टला तुमच्या एडब्ल्यूएस खात्यात काम करू देणारी परवानगी) कदाचित नसेल. तसं असेल तर आधी तो घ्यावा लागेल.

मग दुसरं दार. ॲडमिन साइटवर सिक्युरिटी प्रोफाइल (कुणाला काय वापरता येईल याचा संच) उघडा, एजंट ॲप्लिकेशन्सच्या भागात तुमच्या ॲपचं नाव आलेलं असेल, त्यावर खूण करा आणि जतन करा. सुरुवातीला मुख्य प्रोफाइलला हात लावू नका. वेगळं प्रोफाइल करून त्यात दोनच माणसं घाला. एजंटने पान ताजं केलं की ॲप्सच्या यादीत ते दिसतं.

कॉल येण्याआधी ग्राहक ओळखा

ॲप उघडलं म्हणजे ग्राहक कळला असं होत नाही. ती ओळख फ्लोमध्ये, कॉल रांगेत जाण्याआधी करून ठेवायची. फ्लोत लॅम्ब्डा (एडब्ल्यूएसवर चालणारा तुमचा छोटा प्रोग्राम) बोलावणारा ब्लॉक घाला. लॅम्ब्डाला ग्राहकाचा नंबर मिळतो, तो तुमच्या डेटाबेसमध्ये शोधून ग्राहक क्रमांक परत देतो. पुढच्या ब्लॉकमध्ये तो क्रमांक कॉन्टॅक्ट ॲट्रिब्यूट म्हणून नोंदवा. हे लगेच करा, कारण फ्लोमध्ये दुसरा लॅम्ब्डा चालला की पहिल्याचं उत्तर पुसलं जातं.

नंबरच्या रूपाकडे लक्ष द्या. कनेक्ट नंबर अधिक चिन्ह आणि देशाच्या कोडासह देतं. ऑस्ट्रेलियातला मोबाइल स्थानिक लोक ०४ पासून लिहितात, कनेक्टमध्ये तो +६१४ पासून येतो. आमच्या डेटाबेसमध्ये दोन्ही प्रकार होते, मधे मोकळ्या जागा सोडलेलेही होते. शोधण्याच्या वेळी रूपं जुळवत बसण्यापेक्षा डेटाबेसमध्ये एकदाच सगळे नंबर एका रूपात आणून ठेवलेले बरे. भारतातले नंबर हाताळत असाल तर तिथेही नुसते १० आकडे, पुढे शून्य आणि पुढे +९१ असे तिन्ही प्रकार सापडतील.

लॅम्ब्डाच्या उत्तरासाठी जागीच थांबायचं असेल तर फ्लो जास्तीत जास्त ८ सेकंद थांबतो. ते तुमचं लक्ष्य समजू नका. तेवढा वेळ ग्राहक फोनवर शांतता ऐकत असतो. आम्ही स्वतःची मर्यादा २ सेकंदांची ठेवली. लॅम्ब्डा चुकला किंवा उशीर झाला तर फ्लो एररच्या फाट्यावर जातो; तिथे कॉल तोडू नका. "ओळख झाली नाही" असं ॲट्रिब्यूट नोंदवून कॉल रांगेत पाठवा, म्हणजे ॲप शोधपट्टी दाखवेल आणि एजंट हाताने शोधेल. नंबर लपवून फोन करणारे आणि एका नंबरवर घरातल्या तिघांच्या ऑर्डर असलेले ग्राहकही याच वाटेने जाऊ द्या.

ॲट्रिब्यूटमध्ये फक्त क्रमांक ठेवा. नाव, पत्ता, कार्डाचे आकडे यातलं काहीही त्यात घालू नका. ॲट्रिब्यूट कॉलच्या नोंदीत जातात, कनेक्ट त्या नोंदी २४ महिने ठेवतं, आणि तिथून त्या रिपोर्टमध्ये आणि इतर साठ्यांतही पोचतात. बाकीची माहिती ॲपने आपल्या सर्व्हरकडून, एजंटची ओळख तपासून मागावी.

हस्तांदोलन आणि आठवण

ॲप लोड झाल्यावर त्याने कनेक्टच्या एसडीकेतून (डेव्हलपरसाठी दिलेला तयार कोड) वर्कस्पेसला "मी तयार आहे" असं कळवायचं असतं. हे हस्तांदोलन वेळेत झालं नाही तर वर्कस्पेस ॲपला बिघडलेलं समजतं. म्हणून ही ओळ सर्वांत आधी चालू द्या; मोठा डेटा आणणं, चार्ट काढणं हे त्यानंतर.

हस्तांदोलनानंतर ॲपला निर्मितीचा संदेश मिळतो. एजंट कॉलवर असताना ॲप उघडलं असेल तर त्या संदेशाच्या संदर्भात कॉन्टॅक्ट आयडी (त्या कॉलचा किंवा चॅटचा क्रमांक) असतो. कॉल नसताना उघडलं असेल तर नसतो. दोन्ही शक्यता लिहून ठेवा. आयडी मिळाला की त्यावरून ॲट्रिब्यूट मागा, ग्राहक क्रमांक घ्या, सर्व्हरकडून ऑर्डर आणा.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मला हा लेख लिहायचा होता. कनेक्टमध्ये एका एजंटला एकाच वेळी १० पर्यंत चॅट देता येतात. आमच्या सेटिंगप्रमाणे प्रत्येक संभाषणासाठी ॲपची वेगळी प्रत उघडते, पण त्या सगळ्या प्रती एकाच ब्राउझरमध्ये, एकाच पत्त्यावर असतात. म्हणजे लोकल स्टोरेज (ब्राउझरमधला ॲपचा साठा) सगळ्यांचं एकच. आमच्या ॲपमध्ये मूळ लेखकाने "सध्याचा ग्राहक" लोकल स्टोरेजमध्ये ठेवला होता. साध्या ब्राउझरमध्ये ते वर्षानुवर्षं नीट चाललं होतं. वर्कस्पेसमध्ये दोन चॅट उघडल्या, दुसरी आली, आणि पहिल्या चॅटमध्ये एजंटने पान ताजं करताच दुसऱ्या बाईंच्या घरचा पत्ता समोर आला. चाचणीत सापडलं म्हणून निभावलं. खऱ्या चॅटमध्ये तो पत्ता एका अनोळखी माणसाला सांगितला गेला असता, आणि पत्ता हवा असणाऱ्यांमध्ये काही माणसं अशी असतात की ज्यांच्यापासून ती बाई लपलेली असते.

म्हणून नियम: ग्राहकाशी संबंधित काहीही लोकल स्टोरेजमध्ये, कुकीमध्ये किंवा सर्व्हरच्या सेशनमध्ये "सध्याचं" म्हणून ठेवायचं नाही. जे ठेवायचं ते कॉन्टॅक्ट आयडीच्या नावाखाली, आणि शक्यतो त्या प्रतीच्या मेमरीतच. सर्व्हरकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीत ग्राहक क्रमांक स्पष्ट पाठवा. उत्तर आल्यावर ते अजून त्याच कॉन्टॅक्टचं आहे का हे तपासून मगच पडद्यावर काढा, कारण सावकाश आलेलं जुनं उत्तर नव्या पडद्यावर बसणं हीसुद्धा तीच चूक आहे. पडद्याच्या वरच्या पट्टीत ग्राहकाचं नाव ठळक आणि कायम दिसेल असं ठेवा, म्हणजे एजंटची नजर शेवटचा पहारा देईल.

ट्रान्सफरचीही एक गोम आहे. कॉल दुसऱ्या एजंटकडे गेला की त्याला नवा कॉन्टॅक्ट आयडी मिळतो. ॲट्रिब्यूट सोबत जातात, पण तुम्ही टिपणं कॉन्टॅक्ट आयडीवर साठवली असतील तर दुसऱ्या एजंटला कोरा कागद दिसेल आणि ग्राहकाला सगळं पुन्हा सांगावं लागेल. साखळीतल्या पहिल्या कॉलचा आयडी एसडीकेकडून मिळतो. टिपणं त्यावर साठवा.

टिपणं टाइप होत असतानाच थोड्या थोड्या वेळाने जतन करा. संभाषण बंद झालं की ॲपची प्रत नष्ट होते. त्या क्षणी मिळणाऱ्या संदेशावर सगळं साठवू म्हणाल, तर मंद नेटवर्कवर शेवटच्या दोन ओळी जातात.

चाचणी आणि फ्लोअरवर उतरवणं

चाचणीची यादी लांब करण्यापेक्षा या गोष्टी नक्की करा. ॲडमिन साइटवर चाचणी चॅटची सोय आहे. एका एजंटला तीन चॅट देऊन त्यांच्यात मुद्दाम भराभर उड्या मारा आणि प्रत्येकीत पान ताजं करा. लॅम्ब्डा मुद्दाम बंद पाडून कॉल करा. लपवलेल्या नंबरवरून कॉल करा. कॉल ट्रान्सफर करा आणि दुसऱ्या बाजूला टिपण दिसतं का बघा. सेशन मुद्दाम संपवा. ॲपमधलं "कॉपी" बटण दाबून बघा. चौकटीत क्लिपबोर्डची परवानगी वेगळी लागते, आणि हे बटण चालत नाही हे सहसा पहिल्या खऱ्या कॉलमध्येच कळतं. हे सगळं एजंटच्याच मशीनवर करा. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर मोठा पडदा असतो, फ्लोअरवर ॲपला अर्धी रुंदीसुद्धा मिळत नाही.

भारतातल्या ग्राहकांची माहिती असेल तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ समोर ठेवून कंपनीच्या विधी विभागाशी आधीच बोला. ग्राहक परदेशी असतील तर तिकडचे नियम आणि माहिती कुठल्या रीजनमध्ये राहते, हे करारात काय लिहिलंय त्याप्रमाणे तपासा.

उतरवताना एका शिफ्टमधले पाच-सहा एजंट निवडा, त्यात एक नवी आणि एक जुनी मुरलेली असू द्या. पहिले चार दिवस जुने टॅब बंद करायला सांगू नका. पाचव्या दिवशी पुन्हा खुर्ची टाकून बसा आणि कुठला टॅब अजून उघडला जातो ते लिहा. आमच्याकडे कुरिअरचा टॅब उघडाच राहिला होता, कारण आमच्या ॲपमध्ये डिलिव्हरीची तारीख होती पण ट्रक सकाळी येणार की दुपारी हे नव्हतं, आणि ग्राहक नेमकं तेच विचारत होते. ती एक ओळ घातल्यावर तोही टॅब बंद झाला.

मागे फिरण्याची वाट आधीच लिहून ठेवा. बिघाड झाला तर नोंदणी पुसू नका; सिक्युरिटी प्रोफाइलमधली ॲपची खूण काढा, एजंटने पान ताजं केलं की ते यादीतून जातं आणि चालू कॉल तसाच राहतो. ही खूण काढायचा अधिकार पहाटेच्या शिफ्टला हजर असणाऱ्या निदान एका माणसाकडे असू द्या. नाहीतर साडेचार वाजता बिघडलेलं ॲप सकाळी दहाला ॲडमिन येईपर्यंत प्रत्येक कॉलवर उघडत राहील.